स्वभावाचे चार रंग आणि टिटवाळ्याची शकुंतला

टिटवाळ्याला दोन ओळखी आहेत. एक महागणपतीची आणि दुसरी लोकलची. कल्याण मागे टाकून कसाऱ्याच्या दिशेने निघाले की शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे अंतर सुमारे ६४ किलोमीटरचे. रोज सकाळी इथली माणसे ठाण्याच्या, ऐरोलीच्या, मुंबईच्या कचेऱ्या गाठायला निघतात आणि रात्री परततात. या कचेऱ्यांमधल्या ट्रेनिंगमधून स्वभावाविषयी बोलण्याची एक नवी भाषा अलीकडे घरांपर्यंत येऊन पोचली आहे. ‘आमचे साहेब पक्के रेड आहेत’, ‘तू ग्रीन, म्हणून तुला कुणाला नाही म्हणता येत नाही’, ‘मी ब्लू आहे, मला आधी आकडे लागतात’ अशी वाक्ये आता डब्यातही ऐकू येतात आणि जेवणाच्या टेबलावरही.

ही भाषा मला मोलाची वाटते. समोरचा माणूस मुद्दाम आडमुठेपणा करत नसून त्याची रीतच वेगळी आहे, हे तिच्यामुळे पुष्कळांना पहिल्यांदा उमगते. पण तिच्यात एक धोकाही आहे आणि तो बारीक नाही. स्वभावाचा रंग बोलणे सुरू करायला उपयोगी पडतो. बोलण्याच्या जागी येऊन बसला की तो घात करतो. हे समजून घ्यायला टिटवाळ्याइतकी योग्य जागा नाही, कारण इथली परंपरा ज्या शकुंतलेशी जोडलेली आहे, तिच्या कथेत या दोन्ही गोष्टी घडतात.

चार रंग म्हणजे काय

आज सर्वाधिक चालणारी मांडणी दोन प्रश्नांवर उभी आहे. पहिला प्रश्न गतीचा : हा माणूस चटकन बोलतो, ठरवतो, पुढे सरसावतो, की थांबून, ऐकून, विचार करून पाऊल टाकतो? दुसरा प्रश्न लक्षाचा : त्याचे ध्यान आधी कामाकडे जाते, की माणसांकडे? दोन प्रश्नांची प्रत्येकी दोन उत्तरे, म्हणून चार घरे झाली.

चटकन ठरवणारा आणि कामाकडे बघणारा तो लाल. त्याला निकाल हवा असतो, लांबण नको असते, आणि वाद झाला तरी त्याचे बिघडत नाही. चटकन पुढे येणारा पण माणसांत रमणारा तो पिवळा. तो बोलका, उत्साही, नव्या कल्पनांचा. हाती घेतलेले तडीस नेण्यात मात्र कधी कमी पडतो. सावकाश चालणारा आणि माणसे जपणारा तो हिरवा. तो ऐकून घेतो, सांभाळून घेतो. बदल आणि भांडण दोन्ही टाळतो. सावकाश चालणारा आणि कामाच्या तपशिलात शिरणारा तो निळा. त्याला पुरावा लागतो, नियम लागतात, चूक राहिली की चैन पडत नाही.

ही चार घरे डोळ्यांपुढे आणायला कालिदासाचे ‘अभिज्ञानशाकुंतल’ हाताशी आहे. टिटवाळ्याच्या परिसरात कण्व ऋषींचा आश्रम होता आणि राजा दुष्यंताला अंतरलेल्या शकुंतलेने कण्वांच्या सांगण्यावरून इथे गणपतीची आराधना केली, असे स्थानिक परंपरा मानते. म्हणून हा गणपती विवाहविनायक, आणि लग्न जुळावे, मोडू पाहणारा संसार सावरावा अशा मागण्या घेऊन लोक इथे येतात. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात तळ्यातला गाळ उपसताना मूर्ती सापडली, असेही सांगतात. कण्वाश्रमाचा मान जळगावजवळच्या कानळद्याला आणि उत्तराखंडात कोटद्वारजवळच्या मालिनीकाठालाही दिला जातो, आणि कालिदासाच्या नाटकात गणेशव्रताचा प्रसंग नाही. तरी शकुंतला टिटवाळकरांची आहे, ती या श्रद्धेमुळे.

कालिदासाने या नाटकात स्वभावांच्या जोड्याच उभ्या केल्या आहेत. शकुंतलेच्या दोन सख्या पाहा. अनसूया दूरचे बघणारी. पाहुणा कोण, कुठल्या कुळातला, हे ती विचारून घेते. राजांना पुष्कळ राण्या असतात, तेव्हा आमच्या मैत्रिणीवर दुःखाची वेळ येऊ देऊ नका, असे ती दुष्यंताला स्पष्ट बजावते. राजा नगराला गेल्यावर त्याला आपली आठवण राहील ना, ही काळजीही तिलाच. प्रियंवदा थट्टेखोर, गोड बोलणारी, आशावादी. प्रेमपत्र लिहून ते फुलांत लपवून राजापर्यंत पोचवायची कल्पना तिची. एकीला निळ्या घरात बसवावे आणि दुसरीला पिवळ्या, असे सहज वाटते. शकुंतलेला राजाकडे घेऊन जाणारे दोन शिष्यही असेच : शार्ङ्गरव तापट, शारद्वत शांत. दुर्वास तर संतापाचे दुसरे नावच, म्हणजे लाल. आणि सर्वांना मायेने सांभाळणारे कण्व हिरवे.

इतके सहज बसते म्हणूनच ही मांडणी लोकप्रिय आहे. पण हे चार रंग कोणी, कधी आणि कशावरून ठरवले, हे पाहिले की तिचे खरे वजन कळते.

रंगांची वंशावळ

माणसांचे चार स्वभाव ही कल्पना ग्रीक वैद्यकाइतकी जुनी आहे. शरीरात रक्त, पिवळे पित्त, काळे पित्त आणि कफ असे चार द्रव असतात, असे हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत मानत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेनने त्यांच्याशी स्वभाव जोडले : रक्ताधिक्याचा आनंदी, पिवळ्या पित्ताचा तापट, काळ्या पित्ताचा खिन्न, कफाचा थंड. पुढे ते शरीरशास्त्र मोडीत निघाले, पण चाराचा आकडा लोकांच्या मनात राहिला.

विसाव्या शतकात त्याला नवे रूप मिळाले. १९२१ मध्ये कार्ल युंगचे स्वभावप्रकारांवरचे पुस्तक आले आणि अंतर्मुख-बहिर्मुख हे शब्द रूढ झाले. १९२८ मध्ये विल्यम मार्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सामान्य माणसांच्या भावनांवर पुस्तक लिहून वागण्याच्या चार तऱ्हा मांडल्या. आजच्या ‘डिस्क’ चाचण्यांचे मूळ त्या पुस्तकात आहे. मार्स्टन बहुरंगी माणूस होता. खोटे बोलताना रक्तदाब कसा बदलतो यावर त्याने काम केले, आणि १९४१ मध्ये अवतरलेल्या ‘वंडर वुमन’ या चित्रकथेच्या नायिकेचा तो जनक. मात्र त्याने स्वतः कुठलीही प्रश्नावली बनवली नव्हती आणि रंगही दिले नव्हते. चाचण्या इतरांनी नंतर तयार केल्या.

रंग आणखी पुढे आले. १९७८ मध्ये अमेरिकेत डॉन लाउरी यांनी ‘ट्रू कलर्स’ नावाने नारिंगी, सोनेरी, हिरवा आणि निळा हे चार रंग वापरले. १९८७ मध्ये टेलर हार्टमन यांच्या पुस्तकात लाल, निळा, पांढरा आणि पिवळा आले. स्कॉटलंडच्या डंडी शहरात लोथियन पितापुत्रांनी युंगच्या कल्पनांवर लाल, पिवळा, हिरवा, निळा अशी पद्धत बांधली आणि ती मोठमोठ्या कंपन्यांत पोचली. २०१४ मध्ये स्वीडनच्या थॉमस एरिक्सन यांनी याच चार रंगांवर लिहिलेले पुस्तक जगभर खपले.

आता या पद्धती शेजारी शेजारी ठेवून निळ्या रंगाकडे पाहा. एरिक्सनच्या मांडणीत निळा म्हणजे तपशील, पुरावा आणि शिस्त. लाउरीच्या मांडणीत निळा म्हणजे नाती आणि भावना. तिथे पृथक्करण करणारा तो हिरवा. हार्टमनकडेही निळा जिव्हाळ्याचा. एकच माणूस एका ट्रेनिंगमधून निळा आणि दुसऱ्यातून हिरवा होऊन बाहेर पडेल, आणि त्याच्यात तर काहीच बदललेले नसेल. रंग माणसात सापडलेला नाही. सोयीसाठी घरांना दिलेली ती खूण आहे. लाल म्हटले की धग आणि निळे म्हटले की थंडावा आठवतो, म्हणून ती लक्षात राहते. तिचा गुण तेवढाच.

आपले वर्णन इतके पटते कसे

चाचणी दिल्यावर बहुतेक जण म्हणतात, ‘अगदी मीच!’ या पटण्याची परीक्षा १९४८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी घेतली. त्यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला त्याचे वर्णन दिले. ते कितपत जुळते यासाठी पाचांपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. मग उघड केले, की सर्वांच्या हाती शब्दशः एकच मजकूर होता आणि त्यातली बरीचशी वाक्ये बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. ‘तुम्ही कधी मिळून मिसळून वागता, तर कधी तुम्हाला एकांत हवा असतो’ अशा धाटणीचे विधान कोणाला लागू पडणार नाही? म्हणून वर्णन आपल्याला पटले, एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. ते इतरांपेक्षा आपल्याला अधिक लागू आहे का, आणि त्यावरून आपले पुढचे वागणे सांगता येते का, हे पाहावे लागते.

इथे रंगपद्धतींची बाजू लंगडी पडते. स्वभावाच्या अभ्यासकांमध्ये आज सर्वाधिक मान्यता ‘बिग फाइव्ह’ या पाच गुणांच्या मांडणीला आहे : नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थैर्य. या मांडणीत माणसांचे प्रकार पाडत नाहीत; प्रत्येक गुण कमी-अधिक प्रमाणात मोजतात. उंचीचे उदाहरण घ्या. गावातल्या सगळ्यांची उंची मोजली तर बहुसंख्य मधल्या मापाचे निघतील, फार उंच आणि फार ठेंगणे थोडे. अशा गावाचे ‘उंच’ आणि ‘ठेंगणे’ असे दोनच गट केले तर रेषेच्या अल्याड-पल्याड उभी असलेली, जवळजवळ एकाच उंचीची दोन माणसे वेगळ्या गटांत पडतात. आणि एकाच गटात मात्र डोकेभर फरक असलेली माणसे येतात. स्वभावाचे चार रंग करताना हेच घडते. मधली माणसे सर्वात जास्त, आणि चूकही त्यांच्याच बाबतीत सर्वात जास्त.

स्वीडनमधल्या विज्ञानवादी संघटनेने २०१८ मध्ये एरिक्सन यांना ‘वर्षाचे दिशाभूलकार’ ठरवले, ते याच कारणाने : चार रंगांच्या मांडणीला भक्कम शास्त्रीय आधार नसताना ती विज्ञान म्हणून लोकांपुढे ठेवली गेली. ‘एव्हरीथिंग डिस्क’ हा चाचण्यांचा संच विकणारी वायली कंपनीसुद्धा नोकरभरतीची चाळणी म्हणून त्याची शिफारस करत नाही. ज्या कचेऱ्यांमध्ये रंग पाहून माणूस निवडला किंवा नाकारला जात असेल, तिथल्या लोकांनी हे ध्यानात घ्यावे.

माणूस आणि प्रसंग

दुसरी अडचण याहून खोल आहे. स्वभाव कितीही नेमका मोजला, तरी एखाद्या प्रसंगी माणूस कसा वागेल हे त्यावरून थोडेच सांगता येते. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले, की स्वभावाची मोजणी आणि प्रत्यक्ष प्रसंगातले वागणे यांचा सहसंबंध बहुतेक वेळा ०.३ च्या पुढे जात नाही. म्हणजे संबंध आहे, पण पुष्कळसे वागणे दुसऱ्याच कशावर तरी ठरते.

कशावर, याचे उत्तर १९७३ च्या एका प्रयोगात सापडते. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत बोलायला पाठवले. काहींना विषयच दिला होता तो वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या बायबलमधल्या कथेचा. वाटेत एक माणूस दाराशी कोसळल्यासारखा, खोकत, कण्हत बसवला होता. ज्यांच्याजवळ भरपूर वेळ होता त्यांपैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना थोडी घाई होती त्यांपैकी ४५ टक्के. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असे सांगितले होते त्यांपैकी अवघे १० टक्के. कोणाची धर्मश्रद्धा कशा प्रकारची आहे हे आधी प्रश्नावलीने मोजले होते. कोण थांबेल हे त्यावरून सांगता आले नाही. ते ठरवले घाईने.

टिटवाळ्याच्या प्रवाशाला हे समजावून सांगावे लागणार नाही. सकाळी फलाटावर दारातून आत घुसणारा, कोणाला वाट न देणारा माणूस रविवारी दर्शनाच्या रांगेत म्हाताऱ्या आजींना हात धरून पुढे नेतो. दोन्ही वेळी माणूस तोच असतो. आपण त्याला फलाटावर पाहिले तर ‘लाल’ म्हणू आणि रांगेत पाहिले तर ‘हिरवा’.

दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती विसरून सगळा भार त्याच्या स्वभावावर टाकण्याची सवय सर्वत्र आढळते. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये तिला मूलभूत आरोपण-दोष अशा अर्थाचे नाव दिले. स्वतःला उशीर झाला तर लोकल रखडलेली असते. दुसऱ्याला झाला तर तो बेशिस्त असतो. चार रंगांची भाषा हातात आली की या सवयीला शास्त्राचा आव मिळतो.

दुर्वासांची चूक आणि सख्यांची चूक

आता पुन्हा शकुंतलेच्या कथेकडे वळू, कारण कालिदासाने हे सारे फार आधी पाहिले होते.

दुर्वास आश्रमाच्या दाराशी येतात आणि हाक देतात. शकुंतला दुष्यंताच्या विचारात इतकी बुडालेली असते की तिला ती ऐकूच येत नाही. दुर्वास तिच्या न ऐकण्यातून थेट तिचा स्वभाव वाचतात : ही उद्धट आहे, पाहुण्याचा अपमान करणारी आहे. तिच्यावर काय गुदरले आहे हे विचारायला ते थांबत नाहीत. ज्याच्या विचारात ती बुडाली आहे तो तिला विसरेल, असा शाप देऊन निघूनही जातात. नाटकातले सगळे दुःख या एका न विचारलेल्या प्रश्नातून वाढते.

व्यासांच्या महाभारतात, आदिपर्वात, हा शाप नाही. तिथला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो, पण लोक काय म्हणतील या विचाराने भर सभेत नाकारतो. कालिदासाने नाटकात शाप आणि राजाने दिलेली अंगठी आणली आणि राजाच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावातून काढून परिस्थितीत ठेवले. प्रेक्षकाला राजाचा राग येतो, आणि त्याच वेळी त्याला माहीत असते की हा माणूस लबाड नाही, त्याची स्मृतीच हरपली आहे. एकाच वागण्याची दोन वेगळी कारणे असू शकतात, हे दोन महाकवींनी एकाच कथेतून दाखवले आहे.

याहून मला सख्यांचा प्रसंग जास्त अस्वस्थ करतो. शाप त्यांच्या कानांवर पडतो. प्रियंवदा धावत जाऊन दुर्वासांची विनवणी करते आणि ओळखीचा दागिना दिसला की शाप संपेल, असा उःशाप मिळवून आणते. मग दोघी ठरवतात, की हे शकुंतलेला सांगायचे नाही. ती फार कोमल आहे, तिला सोसायचे नाही. निरोपाच्या वेळी त्या एवढेच सुचवतात, की राजाला ओळख पटायला वेळ लागला तर अंगठी दाखव. अंगठीवर आपले सगळे आयुष्य टांगलेले आहे, हे शकुंतलेला कळतच नाही. वाटेत शचीतीर्थाला वंदन करताना ती अंगठी पाण्यात पडते.

दोघींच्या प्रेमात काही खोट नव्हती. त्यांनी मैत्रिणीच्या स्वभावाविषयी एक समज पक्का केला होता, आणि त्या समजापायी तिचे तिला सांगायलाच हवे होते ते सांगितले नाही. तो समजही अपुरा होता. राजसभेत नाकारली गेल्यावर हीच कोमल शकुंतला दुष्यंताला तोंडावर खडे बोल सुनावते. आणि विरक्त, स्थिर कण्व? लेक सासरी निघाली तेव्हा त्यांचा गळा दाटून येतो. वनात राहणाऱ्या माझी ही गत, तर संसारी बापांचे काय होत असेल, असे त्यांना वाटते. सुरुवातीला आपण ज्या घरांमध्ये या सगळ्यांना बसवले, त्यांतले कोणीही आपल्या घरात शेवटपर्यंत राहत नाही.

आपल्या घरांतही असेच होते. ‘बाबांना सांगू नका, ते चिडतील.’ ‘आईला झेपणार नाही.’ ‘हा अबोलच आहे, याला काय विचारायचे.’ प्रत्येक वाक्यात एक रंग दडलेला आहे आणि प्रत्येक वाक्याने एक संभाषण होण्याआधीच संपवले आहे.

आपल्या परंपरेतले रंग

रंगावरून अंतरंग ओळखण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. जैन दर्शनात लेश्या, म्हणजे मनातल्या भावांचे रंग, सहा : कृष्ण, नील, कापोत, तेज, पद्म आणि शुक्ल. त्या समजावण्यासाठी एक दृष्टान्त सांगतात. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा म्हणतो, मोठ्या फांद्या तोडू. तिसरा लहान डहाळ्यांवर येतो, चौथा घोसांवर, पाचवा म्हणतो पिकलेली जांभळे तेवढी तोडू. सहावा म्हणतो, खाली पडलेली वेचली तरी भूक भागेल. पहिल्याची लेश्या कृष्ण, सहाव्याची शुक्ल. इथे रंग माणसाच्या नावाला चिकटलेला नाही. आपली भूक भागवताना तो दुसऱ्या जिवाला किती इजा करायला तयार आहे, यावरून ठरतो. आणि मनातले भाव बदलले की लेश्या बदलते.

सत्त्व, रज, तम या गुणांनाही परंपरेने पांढरा, लाल, काळा हे रंग दिले. पण गीतेचा चौदावा अध्याय सांगतो की हे तिन्ही प्रत्येकात असतात आणि आळीपाळीने एकमेकांवर मात करतात. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात रजोगुण, तमोगुण आणि सत्त्वगुण यांना एकेक समास दिला आहे. तिथे लक्षणांची मोठी यादी येते, आणि ती आहे वागण्याची : माणूस काय बोलतो, काय मागतो, कशावर चिडतो. वाचणाऱ्याने त्यात शेजाऱ्याला न शोधता स्वतःला तपासावे आणि पुढे सरकावे, ही तिच्यामागची अपेक्षा.

पण याच भूमीने रंगाचा दुसरा उपयोगही केला, आणि तो विसरून या विषयावर लिहिता येत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू सांगतात, की ब्राह्मणांचा वर्ण पांढरा, क्षत्रियांचा लाल, वैश्यांचा पिवळा आणि शूद्रांचा काळा. त्यावर भरद्वाज विचारतात : काम, क्रोध, भय, लोभ, शोक, चिंता, भूक आणि श्रम आम्हा सर्वांनाच व्यापतात; घाम आणि रक्त सर्वांच्याच देहात आहे; मग वर्णाची ही विभागणी कशी करायची? भृगूंना मान्य करावे लागते, की मुळात असा भेद नव्हता, तो कर्मांतून आला. प्रश्न इतका स्वच्छ विचारला गेला होता, तरी समाजाने वर्ण जन्माला बांधला आणि त्याची किंमत कोट्यवधी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली. माणसांना रंग देऊन घरे ठरवण्याचे परिणाम आपण जगातल्या कुणाहीपेक्षा जवळून पाहिले आहेत. म्हणून ट्रेनिंगमधल्या निरुपद्रवी चार रंगांबाबतही भरद्वाजांचा प्रश्न आपण विचारत राहायला हवा.

मग रंगांचे करायचे काय

रंग टाकून द्यावेत असे मी म्हणत नाही. गती आणि लक्ष हे दोन प्रश्न खरे आहेत आणि रोज उपयोगी पडणारे आहेत. फक्त ते माणसाऐवजी वागण्याला विचारावेत.

याचा मार्ग जवळच, ठाण्यात, मराठीतून अनेक वर्षे शिकवला जात आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने, म्हणजे ‘आयपीएच’ने, विवेकनिष्ठ मानसोपचाराचे विचार सामान्य घरांपर्यंत नेले. त्याआधी कि. मो. फडके यांनी या पद्धतीचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ती इथे रुजवली. एलिस यांचा आग्रह असा, की माणसाच्या कृतींना गुण द्या, माणसाला देऊ नका. ‘मी हे चुकीचे केले’ आणि ‘मी चुकीचा आहे’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यातून सुधारणा निघते. दुसऱ्यातून न्यूनगंड निघतो, नाहीतर हट्ट.

हे रंगांना लावून पाहा. ‘सून फार लाल आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘काल पाहुण्यांसमोर तिने माझे बोलणे मधेच तोडले’ असे म्हणा. पहिल्या वाक्यावर काहीच करता येत नाही. दुसऱ्यावर तिच्याशी बोलता येते, आणि बोलल्यावर कदाचित कळते की रात्रपाळी करून आल्यावर तिला तासाभराचीही झोप मिळाली नव्हती. ‘माझा मुलगा हिरवा, तो मागेच राहणार’ असे त्याच्यादेखत कधीही म्हणू नका. मुले आपण दिलेले नाव खरे करून दाखवतात.

कचेरीत किंवा सोसायटीच्या सभेत चार रंगांचा खरा उपयोग स्वतःचे बोलणे बदलण्यासाठी आहे. घाईत असलेल्याला निष्कर्ष आधी सांगा, कारणे मागाहून. तपशील मागणाऱ्याला कागद आदल्या दिवशी द्या. सभेतच होकार मागू नका. जो गप्प बसतो त्याला सर्वांसमोर न डिवचता नंतर एकटे गाठून विचारा. जो उत्साहाने दहा कल्पना मांडतो त्याच्यासोबत बसून त्यातली एक तारखेसह लिहून घ्या. यासाठी समोरचा ‘आहे कोण’ हे ठरवावे लागत नाही. आत्ता त्याला काय हवे आहे एवढे पाहावे लागते. उद्या त्याला दुसरे काही हवे असेल.

स्वतःला ओळखण्यासाठी एक साधी नोंद पुरते. काही दिवस रोज रात्री लिहा : आज मी कुठे चटकन पुढे आलो आणि कुठे थांबलो, कुठे कामाकडे पाहिले आणि कुठे माणसाकडे. जागा आणि माणसेही लिहा : कचेरी, घर, माहेर, गाडी, मंदिर, मित्रमंडळ. विल्यम फ्लीसन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये अशाच रोजच्या, दिवसातून अनेकदा घेतलेल्या नोंदींवरून दाखवले, की एकच माणूस थोड्या दिवसांत बुजरेपणापासून धिटाईपर्यंत जवळजवळ सगळ्या छटा दाखवतो. त्याची सरासरी मात्र बऱ्यापैकी स्थिर राहते. म्हणजे स्वभाव आहे, आणि त्याच्या आत भरपूर मोकळी जागाही आहे. आपल्याकडे म्हणतात की स्वभावाला औषध नाही. औषध लागत नाही. आपण कुठे, कोणासोबत आणि किती थकलेले असताना कसे वागतो हे कळले, की जागा, वेळ आणि विश्रांती बदलता येते, आणि वागणेही त्यासोबत बदलते.

म्हणून पुढच्या वेळी कोणी वेडेवाकडे वागले आणि मनात चटकन एखादा रंग उमटला, तर तो उमटू द्या. मग त्या माणसाला विचारा, ‘काय झालंय?’ आणि उत्तर पुरे होईपर्यंत ऐका. त्या उत्तरात जे कळेल ते कोणत्याही प्रश्नावलीत सापडणार नाही, आणि नाते टिकवायला तेच लागते.